जेम्स स्ट्युअर्ट

स्ट्युअर्ट, जेम्स मेटलँड (२० मे १९०८ – २ जुलै १९९७) : हॉलिवूडच्या सुवर्णकाळातील अमेरिकन अभिनेते. पेनसिल्व्हेनिया राज्यातील इंडियाना या लहानशा गावी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे तेथे लोखंडी सामानाचे दुकान होते. प्रिन्स्टन विद्यापीठातून १९३२ मध्ये त्यांनी वास्तुकलेची पदवी घेतली. पण दिवस महामंदीचे होते आणि मन नाटकात रमले होते. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून १९३५ मध्ये ते एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीत आले.

सव्वासहा फूट उंची, किडकिडीत बांधा आणि अडखळत, शब्द ओढत बोलण्याची लकब. तेव्हाच्या रुबाबदार नायकांत हे रूप बसणारे नव्हते, पण प्रेक्षकांना त्यात आपल्या घरातला मुलगा दिसला. ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’ (१९३९) मध्ये सिनेटमध्ये तासन्‌तास उभे राहून बोलणाऱ्या तरुणाचा आवाज बसलेला वाटावा, म्हणून त्यांनी डॉक्टरकडून घशाला पाऱ्याचे द्रावण लावून घेतले होते. ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’साठी (१९४०) त्यांना ऑस्कर मिळाले. ती बाहुली त्यांनी वडिलांकडे धाडली आणि वडिलांनी ती दुकानात मांडली.

लष्कराने वजन कमी म्हणून आधी नाकारले, तेव्हा वजन वाढवून ते १९४१ मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. वैमानिक ते आधीपासूनच होते. इंग्लंडमधील तळांवरून बी-२४ बॉम्बफेकी विमाने घेऊन त्यांनी २० मोहिमा केल्या आणि दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ते कर्नल होते. या अनुभवाबद्दल ते फारसे बोलत नसत.

तो अनुभव पडद्यावर मात्र दिसतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) मधील हताश जॉर्ज बेली गुत्त्यात बसून रडत प्रार्थना करतो, तो चेहरा युद्धापूर्वीच्या स्ट्युअर्टचा नाही. हा चित्रपट तेव्हा तोट्यात गेला. १९७४ मध्ये स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेले, त्यामुळे दूरचित्रवाणी केंद्रे तो दर नाताळला दाखवू लागली आणि तो घरोघरी पोहोचला. दिग्दर्शक अँथनी मान यांच्या वेस्टर्नपटांत (अमेरिकेच्या पश्चिमेकडील काउबॉयपटांत) त्यांनी सूडाने पेटलेली माणसे रंगवली. त्यांपैकी ‘विंचेस्टर ’७३’साठी (१९५०) ठरलेल्या मानधनाऐवजी त्यांनी नफ्यात वाटा घेतला, पुढे हॉलिवूडमधील बड्या कलावंतांत ही पद्धत रूढ झाली. रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांच्यासोबत त्यांनी चार चित्रपट केले. त्यांतील ‘व्हर्टिगो’ (१९५८) मध्ये एका स्त्रीला हरवलेल्या प्रेयसीचे रूप देण्यासाठी झपाटलेला माणूस त्यांनी साकारला. सज्जनपणाचा लवलेश न ठेवता केलेले हे काम त्यांच्या कारकिर्दीचे शिखर मानावे लागेल.

१९४९ मध्ये त्यांनी ग्लोरिया मॅक्लीन यांच्याशी विवाह केला. त्यांचे सावत्र पुत्र रोनाल्ड १९६९ मध्ये व्हिएतनाममध्ये मारले गेले. स्वतः स्ट्युअर्ट राखीव हवाई दलात ब्रिगेडियर जनरल होऊन १९६८ मध्ये निवृत्त झाले होते. १९८५ मध्ये त्यांना मानद ऑस्कर देण्यात आले. पंचाहत्तराव्या वाढदिवशी, १९८३ मध्ये, इंडियाना गावाने न्यायालयाच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा उभारला.