पाय मुरगळला की शीर ताणली?

मे महिन्यातली वाडीची मॅच. चाकरमानी आलेले, सड्यावरच्या मैदानाला चुन्याच्या रेघा मारलेल्या, टेनिस बॉल, आणि दोन्ही टीममध्ये निम्मे गडी चाळिशीपुढचे. तिसऱ्या ओव्हरला मी कॅचसाठी उलटा पळालो आणि जांभ्याच्या उघड्या दगडावर डावा पाय आत वळला. सातव्या ओव्हरला माझा भाचा चौका अडवायला पाय फाकून आडवा गेला आणि जांघेत हात दाबून तिथेच बसून राहिला. थोड्याच वेळात मामा-भाचे एकाच आंब्याखाली. माइकवाल्याने जाहीर केलं, "दोन खेळाडू लचकल्यामुळे बाहेर!"

घरी आईने दोघांना एकच उपाय केला. आंबेहळद आणि रक्त्याबोळ उगाळून कढत लेप. शेजारचे काका म्हणाले, शीर ताणली असणार, तेल लावून चांगलं रगडा. आणखी एकाने पायाळू माणूस शोधायला सांगितलं. (पायाळूची लाथ उसण भरलेल्या कमरेसाठी असते, घोट्यासाठी नाही, एवढं तरी आम्ही त्याला पटवलं.)

लचकणं हा आपल्याकडे सगळ्याला पुरणारा शब्द आहे. कंबर लचकते, मान लचकते, पायही लचकतो. 'शीर ताणली' हे तर त्याहून गोंधळाचं, कारण शीर म्हणजे रक्तवाहिनी आणि ती बिचारी या भानगडीत नसतेच. प्रत्यक्षात आमच्या दोन पायांना दोन वेगळ्या गोष्टी झाल्या होत्या. माझा घोटा मुरगळला होता, म्हणजे सांध्यातल्या लिगामेंटला इजा. भाच्याचा स्नायू ताणून त्याचे धागे तुटले होते. डॉक्टर पहिल्याला स्प्रेन म्हणतात, दुसऱ्याला स्ट्रेन. नावंही अशी की फोनवर ऐकली तर फरक कळू नये.

लग्नाचा मांडव आठवा. पोफळीचे खांब आणि आडवे बांबू काथ्याने करकचून बांधलेले असतात. तो काथ्या काम काहीच करत नाही, फक्त सांधा जागेवर धरून ठेवतो. लिगामेंट म्हणजे तो काथ्या, हाडाला हाड बांधणारा. आता विहिरीवरचा रहाट घ्या. त्याचा दोर ओढतो, सैल होतो, पुन्हा ओढतो. स्नायू आणि त्याला हाडाशी जोडणारा कंडरा, म्हणजे टेंडन, हा रहाटाचा दोर. काथ्या वेड्यावाकड्या धक्क्याने तुटतो. दोर बहुतेक वेळा ओढता ओढता, जास्त वजनाने किंवा आधीच झिजलेला असल्याने तुटतो. माझ्या पायाला दगडाने दगा दिला. भाच्याला कोणी धक्काही लावला नव्हता, त्याच्याच जोराने त्याला दुखवलं.

ओळखायचं कसं? दुखणारा अवयव पूर्ण ढिला सोडा आणि दुसऱ्या कोणाला तो अलगद हलवायला सांगा. माझं पाऊल आत वळवलं की मी ओरडत होतो, स्वतः काही जोर न लावता. काथ्याच ताणला जात होता ना! भाच्याचा पाय ढिला असताना थोडाफार हलवता येत होता, पण दोन गुडघ्यांमध्ये मूठ ठेवून "दाब" म्हटल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला. स्नायू आखडताना दुखतो आणि टोकापर्यंत ताणल्यावर दुखतो. सूज कुठे आहे तेही बघा. घोट्याच्या बाहेरच्या हाडाखाली तासाभरात अंड्याएवढा फुगवटा आला, तर ती बहुधा मुरगळ. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तीन लिगामेंट असतात आणि पाऊल आत वळलं की पहिला झटका सगळ्यात पुढच्याला बसतो.

फसायची एक जागा मात्र आहे. पोटरीचा स्नायू फाटला की आतलं रक्त दोन-तीन दिवसांत खाली उतरतं आणि घोट्याभोवती काळंनिळं दिसायला लागतं. मग घरचे घोट्यालाच लेप लावत बसतात, दुखणं वीतभर वर असतं.

पोटरीची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. रात्रभर गाडीत पाय दुमडून बसून आलेला माणूस सकाळी चहा पिऊन थेट रन काढायला पळतो आणि मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटून खाली बसतो. वळून बघतो तर मागे कोणी नाही. हे पोटरीचा स्नायू फाटल्याने होतं, तसंच टाचेमागचा जाड कंडरा पूर्ण तुटल्यानेही होतं, आणि दोन्हींत फार अंतर आहे. त्याला पालथं झोपवा, पावलं खाटेच्या कडेबाहेर लोंबू द्या आणि पोटरी हाताने दाबा. पाऊल आपोआप हललं तर ठीक. ढिम्म राहिलं तर लेप-बिप बाजूला ठेवून त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे न्या. आणि खेळताना काही झालेलंच नाही, पण लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखतेय, तर ते रक्ताच्या गुठळीचं असू शकतं. तिथे चोळणं जिवावर बेतेल.

घोट्याच्या बाबतीत सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, एक्स-रे काढायचा का? त्याचं चांगलं उत्तर १९९२ साली कॅनडातल्या ओटावामध्ये डॉ. इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. घोट्यापाशी दुखत असेल आणि बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या टोकावर किंवा मागच्या कडेला, टोकापासून ६ सेंटीमीटरपर्यंत, बोटाने दाबल्यावर नेमकं दुखत असेल, किंवा पडल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही ४ पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो उंचवटा लागतो, तो दाबून दुखला तरी काढा. लंगडत का होईना ४ पावलं पडली आणि हाडावर दुखत नसेल, तर मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी. मी आंब्यापासून दुचाकीपर्यंत लंगडत गेलो, त्यामुळे माझा एक्स-रे वाचला. मधुमेहाने ज्यांच्या पायाची जाणीव कमी झालीय, त्यांनी मात्र या हिशेबावर राहू नये.

पहिले दोन दिवस दोघांचं पथ्य जवळपास सारखंच. पाय उंच ठेवायचा, हलका दाब देऊन बांधायचा, शेकायचं नाही, चोळायचं नाही. आईचा लेप थंड करून लावला असता तर माझी काही तक्रार नव्हती. त्याच्या कढतपणाने आणि काकांच्या रगडण्याने आतला रक्तस्राव वाढतो. बर्फ बंदरावरून आला, मासळीच्या टपातला. पंच्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. कॅनडात बर्फावर खेळणाऱ्या भाच्याने बांगड्याच्या वासाचा बर्फ जांघेत धरलेला पाहून आई पहिल्यांदा हसली. बर्फाचा एवढा बोलबाला झाला तो अमेरिकेतल्या डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या सूत्रामुळे: विश्रांती, बर्फ, दाब, पाय उंच. पुढे त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने बरं व्हायला उशीर होऊ शकतो. म्हणून बर्फ दुखणं कमी करण्यापुरता. दोन-तीन दिवसांनी, दुखणं सोसेल इतपत, पाय हलवायला लागायचं.

इथून पुढे दोन्ही वाटा वेगळ्या होतात, आणि खरेदीची चूक इथेच होते.

भाचा टोरांटोजवळ हौशी आइस हॉकी खेळतो. नोकरी करणाऱ्यांची लीग, त्यामुळे रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, मिळते ती रात्री साडेदहाला. जांघेचं दुखणं त्याने तिथूनच आणलेलं. स्केटिंगमध्ये प्रत्येक ढकलीला पाय बाहेर जातो आणि त्याला लगाम घालून परत आणण्याचं काम जांघेचे स्नायू करतात, म्हणून त्या खेळात ही दुखापत नेहमीची. त्यावर त्याने उपाय केला होता महागड्या घट्ट निओप्रीन (रबरासारख्या कापडाच्या) शॉर्ट्सचा. "मामा, ही घातली की एकदम सेफ वाटतं रे," असं तो मॅचच्या सकाळीच म्हणाला होता. शॉर्ट्सने ऊब मिळते, दाब मिळतो. पण रहाटाच्या दोरावर बाहेरून कापड गुंडाळलं म्हणून त्याची ताकद वाढत नाही. २००१ मध्ये एनएचएलच्या, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या, खेळाडूंवरचा एक अभ्यास आला होता. ज्यांच्या जांघेतल्या, पाय आत ओढणाऱ्या स्नायूंची ताकद बाहेर ढकलणाऱ्यांच्या ८० टक्क्यांहून कमी होती, त्यांचा तो स्नायू ताणला जाण्याची शक्यता १७ पट निघाली. ताकद कमी पडलेल्या स्नायूला दुकानात काही मिळत नाही. गुडघ्यांमध्ये उशी दाबण्यापासून सुरुवात करून, महिना-दीड महिन्याने एका कुशीवर होऊन वरचा पाय बाकावर टेकवून अंग उचलण्यापर्यंत जावं लागतं. त्या शेवटच्या व्यायामाला कोपनहेगनचं नाव आहे आणि नॉर्वेच्या फुटबॉलपटूंमध्ये त्याने जांघेची दुखणी ४१ टक्क्यांनी कमी झाली. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी नॉर्डिक नावाचा गुडघ्यांवर बसून करायचा व्यायाम आहे, त्याने तिथल्या दुखापती साधारण निम्म्या होतात.

माझं उलटं. काथ्याला व्यायाम करून स्नायूसारखं जाड करता येत नाही, पण सांध्याला बाहेरून आवळता येतं. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायला टपलेला असतो, आणि अशा घोट्याला ब्रेस घातला तर पुढच्या मुरगळी कमी होतात, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. मात्र ब्रेस म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारं मोज्यासारखं अँकलेट नव्हे. ते ऊब देतं आणि धीर देतं, पाऊल वळायचं थांबवत नाही. लेसचा आणि आठाच्या आकारात फिरणाऱ्या पट्ट्यांचा ब्रेस घ्या, बूट घालूनच माप बघा. क्रेप बँडेज सुजेसाठी ठीक, बोटांकडून वर गुंडाळायचं, बोटांची टोकं उघडी, निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडायचं. मैदानात आपल्या घामाने ते चार ओव्हरमध्ये सैल पडतं.

आवळण्याचीही एक किंमत असते आणि ती मला भाच्याच्या स्केटमुळे कळली. त्याचा बूट घोट्याच्या वरपर्यंत लाकडासारखा कडक, नेहमीच्या मापापेक्षा एक-दीड नंबर लहान घेतलेला. त्यात माझ्यासारखा घोटा आत वळणं अवघड. पण पाऊल बाहेर पिळलं गेलं तर तो जोर वर सरकतो आणि नडगीची दोन हाडं एकमेकांना बांधणाऱ्या लिगामेंटवर पडतो. ही वरची मुरगळ दिसायला किरकोळ असते, सूजही थोडी, पण बरं व्हायला साध्या मुरगळीपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेते. मुरगळीनंतर नडगी मध्यावर दोन्ही बाजूंनी दाबल्यावर घोट्याच्या वर दुखलं, तर ती असल्याचा संशय घ्यावा.

बुटांचं थोडक्यात. सड्यावर स्टड (तळाचे खिळे) निरुपयोगी, जांभ्यात ते रुतत नाहीत, पाय उलट डगमगतो. सपाट, रुंद, रबरी तळाचा बूट घ्या. टाचेचा कप चिमटीत दबता कामा नये. ओहोटीच्या कडक पुळणीवर अनवाणी खेळलात तरी चालेल, पण टाच वाळूत खाली जाते तेव्हा पोटरीवर जास्त भार येतो हे चाळिशीत लक्षात ठेवा. आणि गेल्या मेचे बूट खोक्यातून काढून थेट मैदानात जाऊ नका. चार महिने पाऊस आणि दमट हवा खाल्ल्यावर आतला फोमचा थर भुगा होतो, सोल हातात येतो. माझा त्या दिवशी पाय घसरला त्यात दगडाचा किती आणि अर्ध्या सुटलेल्या सोलाचा किती वाटा, हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.

परत कधी खेळायचं, याचेही दोघांचे निकष निराळे. भाच्याला दुखऱ्या बाजूचा दाब दुसऱ्या बाजूइतका येईपर्यंत आणि पूर्ण वेगात आडवं पळून न दुखेपर्यंत थांबायचं होतं. माझं फसवं होतं, कारण मुरगळीचं दुखणं आधी जातं आणि लिगामेंट नंतर कित्येक महिने सावरत असतं. त्यातल्या ज्या जाणिवेमुळे अंधारातही पाऊल कुठे आहे ते कळतं, ती बोथट झालेली असते. म्हणून रोज सकाळी दात घासताना मी एका पायावर उभा राहतो, जमल्यावर डोळे मिटून. पहिल्या आठवड्यात न्हाणीघराच्या भिंतीला हात न लावता दहा सेकंदही जमत नव्हतं. आईला अजून वाटतं की मी कसलं तरी व्रत धरलंय.