माहितीपुस्तिकेतली तारीख कशी वाचायची?

सप्रेम नमस्कार.

आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या पुस्तिकेत एकच गोष्ट वेगवेगळ्या पानांवर वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिली गेली होती. चूक आमची आहे. सोबत नवी पुस्तिका देत आहोत, जुनी कृपया काढून टाका.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा झाला. एक्सेलमधून खरेदी चढवायच्या प्रकरणात आधी दिवस, मग महिना असं छापलं होतं आणि सॉफ्टवेअर आधी महिना वाचत होतं. रिपोर्टच्या प्रकरणात ते बरोबर लिहिलं होतं, पण तिथे कोण बघणार? एका औषध दुकानदारांनी एप्रिल २०२४ ची खरेदी चढवली. ०३/०४/२०२४ म्हणजे त्यांची ३ एप्रिल, सॉफ्टवेअरसाठी ४ मार्च. १, २ आणि ३ तारखेची खरेदी मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसली, ५ पासूनची मे ते डिसेंबरमध्ये. ४ तारीख तेवढी योगायोगाने बरोबर. १३ तारखेची नोंद मात्र अडली, कारण तेरावा महिना नसतो. तेव्हा कुठे त्यांचा फोन आला. त्यांच्या काउंटरवर बसून एकेक बिल जुळवून सगळं दुरुस्त केलं.

आता पुस्तिकेत आणि फाइलमध्ये एकच पद्धत: वर्ष-महिना-दिवस, म्हणजे २०२४-०४-०३. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक हेच सांगतं. सुरुवातीला हाताला सवय नसेल, पण यात दिवस-महिन्याची अदलाबदल होत नाही आणि यादीही आपोआप तारखेनुसार लागते. बिलावर छापली जाणारी तारीख आपल्या नेहमीच्याच पद्धतीने राहील.

बिलाचा नमुना स्वतः बदलत असाल तर एक लक्षात ठेवा: तिथे तारीख-वेळेसाठी जी इंग्रजी अक्षरं लिहायची असतात, त्यांत कॅपिटल एम (M) म्हणजे महिना, स्मॉल एम (m) म्हणजे मिनिटं. महिन्याच्या जागी ०० छापून आलं, तर आधी हेच तपासा.

जुन्या पुस्तिकेत फाइलचं नाव टोकदार कंसात (< >) दिलं होतं. ते कंस टाइप करायचे नव्हते, पण तसं कुठेही लिहिलं नव्हतं. विंडोज असे कंस फाइलच्या नावात चालवून घेत नाही, त्यामुळे अनेकांची फाइल सेव्हच होत नव्हती. आता तुम्ही भरायचा मजकूर सगळीकडे फक्त अधोरेखित केला आहे.

जुनी पुस्तिका बघून फाइल चढवली असेल, तर जीएसटीचं रिटर्न भरण्याआधी महिनावार खरेदीचा रिपोर्ट काढून बघा. आकडे जुळले नाहीत तर आम्हाला कळवा. दुकानात येऊन दुरुस्त करून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही.