कवक व यीस्टमधील बीजाणुनिर्मिती

कवकांच्या प्रसारासाठी आणि वाईट दिवस काढण्यासाठी सूक्ष्म बीजाणू तयार होण्याची क्रिया. बुरशी, अळंबी, पिकांवरचा तांबेरा, काणी, भुरी आणि यीस्ट ही सगळी कवकेच. पण बीजाणू धरण्याची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. जीवाणूंच्या बीजाणूंशी यांची गल्लत करू नये. तिथे साधारणपणे एका पेशीतून एकच बीजाणू होतो. तो तगून राहतो, संख्या वाढवत नाही. कवकांना मात्र बहुधा पसरायचे असते.

पावसाळ्यात पाव दोन-तीन दिवस पिशवीत राहिला की त्यावर आधी पांढरा कापूस दिसतो आणि मग टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके येतात. कापूस म्हणजे रायझोपसचे कवकजाल, ठिपका म्हणजे बीजाणुधानी, बीजाणूंची पिशवी. ती फुटली की बोटाला काळी पूड लागते. पेनिसिलियमचे बीजाणू अशा पिशवीत न होता कुंचल्यासारख्या फांद्यांच्या टोकाला उघड्यावरच साखळीने लागतात. त्यांना कोनिडिया म्हणतात. लिंबावरच्या बुरशीचा हिरवा रंग या कोनिडियांचाच, धागे पांढरेच असतात. हे दोन्ही प्रकार अलैंगिक. लैंगिक प्रकारात दोन केंद्रके एकत्र येतात, पुढे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे अर्धगुणसूत्री विभाजन होते आणि गुणांची नवी जुळणी असलेले बीजाणू मिळतात.

पाव फुगवणारे यीस्ट, सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी, खायला भरपूर असेपर्यंत मुकुलायनाने, म्हणजे अंगाला कळीसारखी नवी पेशी फुटून, वाढत राहते. त्याला बीजाणू धरायला लावायचे तर उपाशी ठेवावे लागते, तेही विशिष्ट रीतीने: नायट्रोजन बंद, साखर बंद आणि कार्बनसाठी केवळ १ टक्क्याच्या आसपास पोटॅशियम ॲसिटेट. हवाही भरपूर लागते, कारण श्वसन बिघडलेल्या यीस्टला बीजाणू होत नाहीत. गुणसूत्रांचे दोन संच असलेली पेशीच हे करू शकते. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की जुन्या पेशीच्या कवचात चार गोल बीजाणू दाटीवाटीने बसलेले दिसतात. पुष्कळदा तीन खाली आणि चौथा त्यांच्यावर. यीस्टच्या जीवनचक्रात गुणसूत्रांचे एकेरी व दुहेरी संच आळीपाळीने येतात, हे ओइविंद विंगे यांनी १९३५ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत दाखवले.

आनुवंशिकीला ही चौकडी म्हणजे मोठे वरदान ठरली. जुन्या पेशीचे कवच विकराने (एन्झाइमने) सैल करायचे, काचेच्या अतिबारीक सुईने चारही बीजाणू एकेक करून सुटे करायचे आणि आगर या पोषक जेलीवर ओळीने ठेवायचे. मूळ पेशीत एखाद्या जनुकाची दोन रूपे असतील, तर सहसा दोन वसाहती एका गुणाच्या आणि दोन दुसऱ्या गुणाच्या उगवतात. वाटाण्यात गुणांची जी वाटणी शेकडो दाणे मोजून ताडावी लागते, ती इथे एकाच पेशीच्या चार लेकरांत समोर दिसते.

उपासमार हा एकच इशारा नव्हे. शेतकरी मररोगासाठी वापरतात त्या ट्रायकोडर्माला उजेडही लागतो. अंधारात वाढलेल्या वसाहतीवर थोडा वेळ निळा प्रकाश पडला, तर त्या वेळी वाढत असलेल्या कडेला कोनिडियांचे हिरवे कडे उमटते. खिडकीजवळ ठेवलेल्या ताटलीत म्हणूनच दिवस-रात्रीची वलये दिसतात.

शेतात इशारे हवामानाचे असतात. द्राक्षावरच्या भुरीच्या कोनिडियांना रुजायला पानावर पाणी साचावे लागत नाही. गव्हाच्या तांबेऱ्याला मात्र दव हवेच. खोडावरच्या तांबेऱ्याचे नारिंगी-तपकिरी बीजाणू हंगामात पुन्हा पुन्हा तयार होतात, आणि पीक पिकत आले की त्याच जागी जाड कवचाचे काळे बीजाणू येतात. युरोपात पुढचे चक्र बार्बेरीच्या झुडपावर पुरे होते. बार्बेरी ही दारुहळदीच्या कुळातलीच, पण आपल्याकडे वर्षागणिक येणाऱ्या रोगात या झुडपांचा वाटा नाही. आग्र्याचे करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षे काम करून दाखवले, की मैदानातल्या उन्हाळ्यात नारिंगी-तपकिरी बीजाणू टिकत नाहीत. ते थंड डोंगराळ भागातल्या गव्हावर तग धरतात आणि वाऱ्याने पुन्हा खाली येतात. दक्षिणेत ही जागा निलगिरी व पळणीच्या डोंगरांची. महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रात गव्हाच्या वाणांवर तांबेरा मुद्दाम लावतात आणि कोणत्या पानावर फोड येऊन बीजाणू सुटतात, कोणत्या पानावर नुसताच फिकट डाग राहतो, हे पाहून वाण निवडतात.