एस्प्रेसो मशीनचे डीस्केलिंग: कधी करावे आणि कधी करू नये

परतवाड्याच्या आमच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या घरगुती एस्प्रेसो मशीनपैकी बऱ्याच मशीनसोबत एकच तक्रार येते: “भाऊ, परवा डीस्केलिंग केलं, तेव्हापासून पाणीच येऊन नाही राहिलं.” डीस्केलिंग म्हणजे मशीनच्या आत बसलेला क्षाराचा थर आम्लाने काढणे. ग्राहकाने काळजी घेण्यासाठीच ते केलेले असते, त्यामुळे त्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अशा मशीनमध्ये दोष डीस्केलिंगचा नसतो, ते ज्या वेळी केले त्या वेळेचा असतो. आमच्या ग्राहकांचा खर्च आणि आमचा वेळ या एकाच चुकीवर सर्वाधिक जातो, म्हणून हे माहितीपत्रक मुख्यतः तिच्याविषयीच लिहिले आहे.

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापवल्यावर कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने वेगळे होते आणि जिथे उष्णता सर्वाधिक तिथे घट्ट बसते. आंघोळीच्या बंबाच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच हा क्षार. बंबात त्याने फारसे बिघडत नाही, कारण बंबात बारीक वाटा नसतात. एस्प्रेसो मशीनमध्ये मात्र पंपाने ढकललेले पाणी सुमारे ९ बार दाबाखाली आणि ९० ते ९६ अंश तापमानाला कॉफीच्या पुडीपर्यंत पोहोचावे लागते, आणि वाटेतील सोलेनॉइड व्हॉल्व्हची (विजेवर उघडझाप होणाऱ्या झडपेची) व जेटची (बारीक तोटीची) छिद्रे एक-दोन मिलिमीटरची, काही ठिकाणी त्याहूनही लहान असतात. शिवाय स्टीम बाहेर पडते तेव्हा फक्त वाफ जाते. क्षार बॉयलरमध्येच मागे राहतो. दूध जास्त फेसाळणाऱ्या घरांतील मशीन लवकर भरते, ते याच कारणाने.

आता मूळ चुकीकडे येऊ. मशीन वर्ष-दीड वर्ष बोअरच्या पाण्यावर चालते, कोणी तिच्याकडे पाहत नाही. मग धार बारीक होते, कप भरायला दुप्पट वेळ लागतो, पंपाचा आवाज बदलतो. अशा वेळी ग्राहक किराणा दुकानातून लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड आणतो आणि जुना थर निघावा म्हणून नेहमीपेक्षा अधिक घट्ट द्रावण करून गरम मशीनमध्ये सोडतो. येथे साधा हिशेब लक्षात घ्यावा. २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ते पूर्णपणे वापरले गेले तरी, सुमारे १५ ग्रॅम क्षारच विरघळवू शकते, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच. आत त्याच्या कित्येक पट थर असेल, तर ते द्रावण थर संपवत नाही. थराची फक्त भिंतीवरची पकड सैल करते. सुटलेल्या खपल्या पाण्याच्या धारेबरोबर पुढे जातात आणि सर्वांत बारीक छिद्रात जाऊन अडकतात. बारीक का होईना, जी धार येत होती, ती पूर्ण थांबते. त्यात द्रावण घट्ट आणि गरम असेल तर कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा गाळ तयार होतो, आणि हा गाळ थंड पाण्यापेक्षा गरम पाण्यात कमी विरघळतो. म्हणजे क्षार काढायला घातलेल्या वस्तूनेच नवा अडथळा उभा राहतो. यानंतर ग्राहक बहुधा पंप पुन्हा पुन्हा चालू करून पाहतो. पाणी पुढे न सरकल्यामुळे हीटर तापत राहतो आणि शेवटी थर्मल फ्यूज (फार तापल्यावर वीज तोडणारा फ्यूज) उडतो. एका दुपारच्या सफाईचे काम मग बॉयलर उघडणे, व्हॉल्व्ह सुटा करणे, फ्यूज बदलणे आणि सर्व रबरी सील नवे बसवणे इथपर्यंत जाते.

म्हणून आमची विनंती अगदी स्पष्ट आहे: डीस्केलिंग ही चालू मशीनची देखभाल आहे, बिघडलेल्या मशीनची दुरुस्ती नाही. धार फार कमी झाली असेल तर मशीनमध्ये कोणतेही आम्ल घालू नये. त्या अवस्थेत आमच्याकडे आलेले मशीन, घरी आम्ल घालून नंतर आणलेल्या मशीनपेक्षा पुष्कळ कमी खर्चात दुरुस्त होते.

धार खरोखर कमी झाली आहे की कॉफी जास्त बारीक दळली गेली आहे, हे ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. पोर्टाफिल्टर (कॉफीची पूड भरायचा दांड्याचा भाग) काढून ठेवावा, खाली मापाचा पेला धरावा आणि ३० सेकंद पाणी सोडावे. पाणी मोकळे येत असेल तर मशीन निर्दोष आहे. दळण जाड करावे, किंवा पूड कमी भरावी. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड वापरत असाल तर ती आधी थांबवावी, कारण चिकोरी चिकट होऊन जाळी धरते. आम्ही प्रत्येक नव्या किंवा दुरुस्त मशीनच्या तळाला एक चिठ्ठी चिकटवतो. तिच्यावर त्या मशीनचे ३० सेकंदांचे पाणी किती मिलिलिटर भरले, ते लिहिलेले असते. वेगवेगळ्या मशीनचे आकडे वेगवेगळे असतात, तेव्हा शेजाऱ्याच्या मशीनशी तुलना करू नये. आपल्याच चिठ्ठीशी करावी. आकडा थोडा उतरला असेल तर डीस्केलिंगची वेळ आली आहे. निम्म्याच्या जवळ आला असेल तर ती वेळ निघून गेली आहे, आणि मशीन आमच्याकडे आणावे.

“पुस्तिकेत तर तीन महिन्यांनी करा असे लिहिले आहे,” असे अनेक जण दाखवतात. ती मुदत सौम्य किंवा मध्यम पाण्याला धरून दिलेली असते. अनेक मशीनच्या खोक्यात पाण्याचा कठीणपणा तपासण्याची एक पट्टी असते. पुण्याहून किंवा बंगळुरूहून मुलांनी पाठवलेल्या मशीनमधून ती पट्टी बहुधा रद्दीत गेलेली असते. आपल्याकडचे पाणी त्या मुदतीत बसत नाही. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम सांगते आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेते. म्हणजे जे पाणी पिण्यास योग्य ठरते, ते मशीनला योग्य असेलच असे नाही. कठीणपणा ४०० असलेले पाणी रोज दोन लिटर वापरले, तर महिन्याला २४ ग्रॅम क्षार मशीनमधून जातो. त्यातील काही भागच आत बसतो, पण वर दिलेल्या १५ ग्रॅमच्या हिशेबाशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. ज्या घरात तूरडाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, तेथे तपासणीआधीच पाणी कठीण समजावे आणि डीस्केलिंग दर महिन्याला करावे. कठीणपणा १०० च्या आसपास आणलेल्या पाण्यावर तीन-चार महिन्यांचे अंतर पुरते.

घरी डीस्केलिंग करायचे असल्यास पुढील पद्धत पाळावी. टाकीत क्षार शोषणारी पुडी किंवा फिल्टर असेल तर तो सर्वप्रथम बाहेर काढावा, कारण आम्लाने तो निकामी होतो. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पूर्ण विरघळवून ते पाणी थंड होऊ द्यावे; अंदाजाने चमचे टाकू नयेत. मशीन फार तापू न देता एक कपभर द्रावण ग्रुपमधून (पोर्टाफिल्टर जिथे बसतो त्या तोंडातून) आणि एक कपभर स्टीमच्या नळीतून काढावे, मशीन बंद करून १५ ते २० मिनिटे तसेच ठेवावे, आणि टाकी संपेपर्यंत हेच पुन्हा करावे. त्यानंतर स्वच्छ पाण्याच्या दोन पूर्ण टाक्या दोन्ही वाटांनी काढाव्यात. स्टीमची नळी धुण्याचा विसर फार जणांना पडतो. शेवटच्या कपातील पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून पाहावा. बुडबुडे आले तर आम्ल अजून आत आहे, आणखी एक टाकी सोडावी. सोडा कपात टाकायचा आहे, मशीनच्या टाकीत नव्हे.

हे सर्व काम वीज जाणार नाही अशा वेळी सुरू करावे. आम्ल आत असताना वीज गेली आणि मशीन रात्रभर तसेच राहिले, तर पितळ आणि ॲल्युमिनियम खराब होतात. ज्या मशीनमध्ये डीस्केलिंगचा स्वयंचलित कार्यक्रम असतो, तिच्यात तो अर्ध्यावर तुटल्यास वीज आल्यावर आधी तो पूर्ण करावा, मगच मशीन वापरावे.

व्हिनेगरविषयी विचारणा होते. त्याने थोडा क्षार निघतो, परंतु वास रबरी सीलमध्ये मुरतो आणि पुढे बरेच दिवस कॉफीत येतो. लिंबाचा रस वापरू नये, त्यातील गर जाळीत अडकतो. संडास-बाथरूम साफ करण्याचे ॲसिड काही जणांनी वापरलेले आम्ही पाहिले आहे. त्याने थर झटपट जातो हे खरे, पण थराबरोबर धातूही जातो आणि ते पाणी पोटात जाणे धोक्याचे आहे. असे मशीन आमच्याकडे आल्यास बॉयलर बदलल्याशिवाय आम्ही ते परत देत नाही. याबद्दल काही ग्राहक नाराज झाले आहेत, तरीही हा नियम आम्ही बदलणार नाही.

पाण्याबाबत थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पाणी सुधारले तर वरील बहुतेक मजकुराची गरजच कमी होते. तुरटीने गाळ बसतो, कठीणपणा जात नाही. पाणी उकळून, पूर्ण निवू देऊन, वरचे अलगद ओतून घेतल्यास कठीणपणाचा काही भाग खरोखर कमी होतो, परंतु सर्व नाही. केवळ आरओचे पाणी वापरण्याचा सल्ला आम्ही सहसा देत नाही. अगदी क्षारहीन पाण्यात कॉफीची चव फिकी उतरते, धातू हळूहळू झिजतो, आणि ज्या मशीनमध्ये पाण्याची पातळी विजेच्या काडीने मोजली जाते, त्यांना असे पाणी जाणवतच नाही. यावर मिश्रण हा चांगला उपाय आहे. विहिरीच्या पाण्याचा कठीणपणा ४०० असेल, तर एक भाग ते आणि चार भाग आरओचे, असे मिसळल्यास कठीणपणा ८० च्या जवळ येतो. कॉफीसाठी आणि मशीनसाठी तो उत्तम आहे. येथे एक खुलासा: हातात धरायचे टीडीएस मीटर एकूण विरघळलेले क्षार दाखवते, कठीणपणा दाखवत नाही. कठीणपणासाठी थेंबांची तपासणी वेगळी करावी लागते.

पूर्णा नदीच्या काठच्या खारपाणपट्ट्यातील ग्राहकांनी मात्र हे मिश्रण करू नये. दर्यापूर, अंजनगाव, अकोट या बाजूच्या बोअरच्या पाण्यात कठीणपणाबरोबर मिठाचे क्लोराइडही असते. ते थर करत नाही, तर स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पाडते, आणि डीस्केलिंगने त्यावर काहीच परिणाम होत नाही. या भागात शहानूर धरणाचे किंवा इतर योजनेचे नळाचे पाणी मिळत असेल तर तेच आरओमध्ये मिसळावे.

चिखलदऱ्यातील होमस्टेचालकांसाठी एवढेच, की गडावर उंचीमुळे पाणी सुमारे ९६ अंशांनाच उकळते. स्टीम वापरल्यानंतर लगेच कॉफी काढल्यास ग्रुपमधून वाफ फुसफुसते. हा बिघाड नव्हे. पोर्टाफिल्टर लावण्यापूर्वी अर्धा कप पाणी सोडून द्यावे. आपल्याच डोंगरात पिकलेली कॉफी पाहुण्यांना पाजताना ती जळकी लागू नये, यासाठी एवढे कष्ट योग्यच आहेत.

विजेबाबत एक महत्त्वाची सूचना. १४५० वॅटचे मशीन ६ ॲम्पिअरपेक्षा अधिक प्रवाह घेते, म्हणून ते लहान सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नये. १६ ॲम्पिअरचे सॉकेट वापरावे. थर्मल फ्यूज उडाल्यावर तारेचा तुकडा जोडून मशीन चालू करून देणारे कारागीर आहेत. त्या फ्यूजचे कामच आग टाळण्याचे आहे. तार जोडलेले मशीन आम्ही तसेच परत देत नाही.

आमचे तपासणी शुल्क आणि लागणारे दिवस यांवरून कधी कधी वाद होतो. मशीन उघडल्याशिवाय थर किती आहे हे सांगता येत नाही, आणि उघडल्यावर जुने सील पुन्हा बसवले तर ते गळतात. म्हणून प्रत्येक उघडणीत सील नवे घालणे आम्ही बंधनकारक ठेवले आहे. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून ग्राहकाला परत दिला जातो. दुरुस्ती करून घेतल्यास तपासणी शुल्क बिलातून वजा होते. मोजून भरलेल्या २० ग्रॅमच्या पुड्या आणि टाकीत ठेवायच्या क्षारशोषक पुड्या दुकानात मिळतात. वार्षिक देखभालीची नोंदणी केलेल्या ग्राहकांना डीस्केलिंगची तारीख आम्ही स्वतः फोन करून कळवतो. पाण्याची तपासणी सर्वांसाठी विनामूल्य आहे, मशीन आमच्याकडून घेतलेले नसले तरीही.

मशीन आणताना टाकी रिकामी करून वेगळी बांधावी, पोर्टाफिल्टर आणि जाळ्या सोबत द्याव्यात, आणि आपण रोज जे पाणी वापरता त्याची एक लिटरची स्वच्छ बाटली भरून आणावी. आत आम्ल घातले असल्यास कोणते आणि कधी, ते चिठ्ठीवर लिहून मशीनला लावावे; ते कळल्याने कोणाचेही बिल वाढत नाही, फक्त मशीन कोठून उघडायला सुरुवात करायची ते आम्हाला समजते.