पडद्यावरच्या माणसावर जीव जडतो तेव्हा

दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचू लागली, त्या काळात डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकन अभ्यासकांनी एक साधी गोष्ट टिपली. कार्यक्रमाचा सूत्रधार थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलतो, प्रश्न विचारतो, क्षणभर थांबतो आणि उत्तर मिळालेच आहे अशा थाटात पुढे बोलू लागतो. पाहणारा ते उत्तर मनातल्या मनात देतो. असे महिनोन्‌महिने चालले की सूत्रधार त्याला आपला वाटू लागतो. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी या नात्याला ‘पॅरासोशल’ म्हटले. सगळी लक्षणे नात्याची, पण धागा एकाच टोकाला बांधलेला. एखाद्या नटावर, गायिकेवर किंवा कादंबरीतल्या नायकावर जीव जडणे हा याच नात्याचा प्रेमाकडे झुकलेला प्रकार होय.

असे प्रेम भाबड्या माणसालाच होते, ही समजूत टिकणारी नाही. पात्र काल्पनिक आहे हे बुद्धीला पक्के ठाऊक असते. पण ओळखीचा चेहरा, ओळखीचा आवाज आणि सवयीच्या लकबी समोर आल्या की भावना त्या माहितीसाठी थांबत नाहीत. वेंडी गार्डनर आणि मेगन नोल्स यांनी २००८ साली याची गमतीशीर परीक्षा घेतली. कोणी पाहत असले की माणूस हातखंडा काम अधिक चांगले करतो आणि नवख्या कामात अडखळतो, हे मानसशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. या दोघींनी समोर खरा माणूस न ठेवता मालिकेतल्या आवडत्या पात्राचे चित्र ठेवले, तरी तसाच परिणाम दिसला. नावडत्या पात्राच्या चित्राने तो झाला नाही. चित्राचीही भीड पडते, म्हणायची!

या एकतर्फीपणाचा फायदाही होतो, कारण इथे नकार मिळण्याची भीतीच नसते. जे. डेरिक आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, स्वतःबद्दल कमी आदर असलेल्या व्यक्ती आवडत्या प्रसिद्ध व्यक्तीचा विचार केल्यावर स्वतःला आपल्या आदर्श रूपाच्या थोड्या जवळ आल्यासारख्या मानू लागल्या. किशोरवयात तर हे आकर्षण एक प्रकारची रंगीत तालीम ठरते. आपल्याला कोण आवडते, कोणत्या गुणाने आवडते, ओढ वाटली की मनाचे काय होते, हे कुणाला न दुखावता आणि स्वतः न दुखावता पडताळून पाहता येते. या वयातल्या मुलांची अशा गोष्टींवरून थट्टा करणारी मोठी माणसे स्वतःचे सोळावे वर्ष सोयीस्करपणे विसरलेली असतात, असे मला वाटते.

अडचणही याच गुणातून निर्माण होते. जे पात्र कधी कंटाळत नाही, आजारी पडून चिडचिड करत नाही आणि आपले म्हणणे कधी खोडून काढत नाही, त्याच्याशी तुलना झाली की हाडामांसाचा जोडीदार हरणारच. किशोरवयातील अशी तीव्र ओढ आणि प्रेमाविषयीच्या अवास्तव कल्पना अनेकदा एकत्र आढळतात; अर्थात ओढीमुळे कल्पना निर्माण होतात की कल्पनांमुळे ओढ, हे अशा पाहणीवरून सांगता येत नाही. प्रसिद्ध व्यक्तींविषयीची आसक्ती मोजण्यासाठी २००२ साली मॅककचन आणि सहकाऱ्यांनी जी मोजपट्टी मांडली, तिच्यात हीच चढण दिसते. खालच्या पायरीवर मित्रांबरोबर गप्पा मारण्यापुरती आवड असते, मधल्या पायरीवर त्या व्यक्तीचे विचार मनातून जात नाहीत, आणि वरच्या पायरीवर तिच्यासाठी काहीही करण्याची तयारी असते.

त्याहीपलीकडचा आजार निराळाच. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ क्लेराम्बो यांनी १९२१ साली वर्णन केलेल्या एका महिलेची खात्री होती की इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज आपल्यावर प्रेम करतो. ती राजवाड्याबाहेर उभी राहून खिडक्यांकडे पाहत असे आणि पडदा हलला की तो आपल्यासाठीच केलेला इशारा आहे असे समजे. नटाचे छायाचित्र उशाशी ठेवणारी मुलगी आणि ही महिला यांच्यातला फरक ओढीच्या तीव्रतेवर ठरत नाही. मुलीला धाग्याचे दुसरे टोक मोकळे आहे हे माहीत असते; त्या महिलेला ते बांधलेले दिसत होते.

म्हणून ‘वेड किती आहे?’ या प्रश्नापेक्षा झोप, अभ्यास किंवा काम, खर्च आणि प्रत्यक्ष ओळखीची माणसे यांचे काय झाले आहे, हे पाहणे उपयोगाचे असते. आणखी एक फरक सहसा कुणी लक्षात घेत नाही. कल्पित पात्रावरच्या प्रेमाचा उपद्रव झाला तर तो बहुधा प्रेम करणाऱ्यापुरताच राहतो, कारण पात्राच्या घराबाहेर जाऊन उभे राहता येत नाही. नटाला मात्र घर असते, त्या घराला खिडकी असते आणि ती बंद करून घेण्याचा त्याला हक्क असतो.