रिटायर झालेल्या प्रोफेसरांना प्रश्न कोण विचारणार?

प्रोफेसर लोकांची स्मरणशक्ती म्हातारपणी इतरांपेक्षा जास्त टिकते का, हे कुणी मुद्दाम बसून तपासलं असेल असं वाटत नाही, पण तपासलंय. आर्थर शिमामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास १९९५ मध्ये छापून आला, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्राध्यापकांवरचा, आणि त्यात तरुण, मधल्या वयाचे आणि साठी ओलांडलेले असे तीन गट केले होते. निकाल मला फार आवडतो कारण तो सरळसोट नाहीये. प्रतिक्रिया द्यायचा वेग साठीच्या प्राध्यापकांचा कमी झालेला होता, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या जोड्या लक्षात ठेवा म्हटलं की तिथेही वय दिसत होतं. पण एखादा उतारा ऐकवला आणि आता ह्यातलं काय काय आठवतंय सांगा म्हटलं, की साठीचे सर तरुण सहकाऱ्यांच्या तोडीस तोड.

म्हणजे ज्याला अर्थ आहे, मांडणी आहे ते टिकलं, आणि ज्यात नुसतीच जोडी आहे, आगापिछा काही नाही, ते निसटलं. अशा जोडीचं रोजचं उदाहरण म्हणजे नवीन माणसाचा चेहरा आणि त्याचं नाव. विचार केला तर पटतं, कारण माणूस आयुष्यभर हेच करत आलेला असतो, कुणाचं तरी ऐकायचं, त्यातला मुद्दा पकडायचा, नवीन माहिती जुन्या माहितीला नेऊन जोडायची आणि दुसऱ्या दिवशी ती चाळीस-पन्नास पोरांसमोर पुन्हा उभी करायची. रोजची प्रॅक्टिसच ती.

मग प्रश्न येतो की ही प्रॅक्टिस एका दिवसात बंद पडली तर काय होतं.

ह्याचं थेट प्राध्यापकांवरचं उत्तर माझ्याकडे नाही, पण अगदी जवळचं एक आहे. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल २ नावाचा प्रचंड मोठा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे, त्यातल्या ३,४३३ लोकांच्या चाचण्या रिटायरमेंटच्या आधी १४ वर्षांपर्यंत आणि नंतर १४ वर्षांपर्यंतच्या अशा दोन्ही बाजूंच्या होत्या. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: ऐकलेले शब्द आठवण्याची जी स्मृती असते तिची घसरण रिटायरमेंटनंतर ३८ टक्के जास्त वेगाने झाली. तर्क लावणं वगैरे बाकीच्या क्षमतांवर तसा ठळक परिणाम दिसला नाही. आणि प्रोफेसरांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे, वरच्या हुद्द्यावरच्या लोकांना नोकरीत असताना ह्या घसरणीपासून जे संरक्षण मिळत होतं ते रिटायर झाल्यावर राहिलं नाही. डोक्याचं काम करणाऱ्या माणसाला वाटतं की आपलं डोकं आपल्याच मालकीचं, आपण ते घरी घेऊन जाऊ, पण त्यातला बराचसा भाग ऑफिसातच राहून जातो असं ह्यातून दिसतं. अर्थात हा निरीक्षणावरचा अभ्यास आहे, रिटायरमेंट हेच कारण असं त्यातून छातीठोकपणे म्हणता येत नाही, तब्येत, घरची परिस्थिती ह्यांचाही वाटा असणारच.

आता विद्यापीठाची नोकरी माणसाला पगाराशिवाय काय काय देत असते ते बघा. टाइमटेबल देते. तयारी करायची सक्ती देते. स्टाफरूममधली अर्ध्या तासाची बडबड देते जी कुणी गप्पा म्हणून मोजतही नाही. पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती अडवणारी माणसं देते. तिसऱ्या बाकावरचा विद्यार्थी हात वर करून म्हणतो सर नाही समजलं, व्हायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरचा परीक्षक म्हणतो हे गृहीतक कशावरून, छापायला पाठवलेला शोधनिबंध परत येतो आणि तो तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने अकरा शंका काढलेल्या असतात, स्वतःचाच पीएचडीचा विद्यार्थी घाबरत घाबरत म्हणतो की मॅडम दुसऱ्या समीकरणात चिन्ह चुकलंय. त्या प्रत्येक वेळी मेंदूला थांबून, मागे जाऊन, नव्याने मांडणी करावी लागते. रिटायर झाल्यावर पुस्तकं उरतात, ज्ञान उरतं, मान तर उरतोच, उलट वाढतो, आणि नेमकं ह्या वाढलेल्या मानामुळेच कुणी अडवत नाही. सर बोलतात, सगळे ऐकतात.

म्हणून निवृत्त प्राध्यापकांसाठी कुठलाही उपक्रम निवडायचा झाला तर मी पहिला प्रश्न हाच विचारेन की तिथे तुम्हाला उलट प्रश्न विचारणारं कोणी आहे का.

ह्या कसोटीवर युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज (निवृत्तीनंतरच्या वयासाठीचं विद्यापीठ) ह्या चळवळीचा इतिहास बघण्यासारखा आहे. सुरुवात १९७३ मध्ये फ्रान्सच्या तुलूझमध्ये झाली, पिएर व्हेला ह्या प्राध्यापकाने विद्यापीठाचे दरवाजे वयस्क लोकांसाठी उघडले. तिथली पद्धत ओळखीची, विद्यापीठातले प्राध्यापक लेक्चर देणार, ज्येष्ठ मंडळी ऐकणार. मग ही कल्पना १९८१-८२ च्या सुमाराला ब्रिटनमध्ये पोचली, पीटर लॅस्लेट, मायकल यंग आणि एरिक मिडविंटर ह्या तिघांनी ती उचलली आणि पार उलटी करून टाकली. इथे विद्यापीठ नाही, परीक्षा नाही, डिग्री नाही, पगारी शिक्षक नाहीत, जो शिकवेल त्याने शिकायचंही आणि जो शिकेल त्याने शिकवायचंही. आज ब्रिटनमध्ये तिचे लाखो सदस्य आहेत. लॅस्लेट स्वतः केंब्रिजचे इतिहासकार, म्हणजे व्यासपीठावर बसायचा हक्क असलेला माणूस, आणि त्यांनीच व्यासपीठ काढून टाकलं ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ह्याच्याही आधी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यू स्कूल ह्या विद्यापीठात निवृत्त शिक्षकांच्या एका गटाने असंच एकमेकांना शिकवायचं सुरू केलं होतं.

लेक्चर देणं वाईट असं मी म्हणत नाहीये. पण माजी प्राध्यापकाला लेक्चर देणं सोपं जातं, हातखंडा असतो, आणि सोपं जातं म्हणूनच त्यातून मेंदूला फारसं काही मिळत नाही. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस कॅम्पसमध्ये डेनिस पार्क ह्यांनी केलेला सिनॅप्स प्रोजेक्ट ह्याबद्दल बरंच सांगून जातो. ६० ते ९० वयाचे २२१ लोक, तीन महिने, आठवड्याला साधारण १५ तास. काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकवली, कॅमेरा आणि कॉम्प्युटरवरचं एडिटिंग सगळं, काहींना गोधडी शिवायला शिकवली, काहींना दोन्ही. एक गट नुसता एकत्र जमून गप्पा, सहली, मजा करत होता, आणि एक गट घरी बसून संगीत ऐकणं, शब्दकोडी अशा ओळखीच्या गोष्टी करत होता. २०१४ मध्ये छापलेला निकाल असा की ज्यांना खरोखर नवीन आणि अवघड काही शिकावं लागलं त्यांची प्रसंग आठवण्याची स्मृती सुधारली, फोटोग्राफीवाल्यांची जास्त. ओळखीचं आणि सुखाचं करणाऱ्यांमध्ये तसा फायदा दिसला नाही.

निवृत्तीनंतर रोज सहा तास स्वतःच्याच विषयातलं वाचन करणारे सर शब्दकोडीवाल्या गटाच्या जवळ असतात, हे ऐकायला बरं वाटत नाही पण आहे तसं. रेमंड कॅटेल ह्या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे दोन प्रकार सांगितले होते, एक साठलेली आणि एक वाहती. शब्दसंग्रह, विषयाचं ज्ञान ही साठलेली, ती वयाबरोबर बराच काळ टिकते. अनोळखी प्रश्न नव्याने सोडवणारी ती वाहती आणि ती लवकर उतरायला लागते. प्रोफेसरांकडे साठलेलीचा खजिना इतका मोठा असतो की वाहतीचं काम काढायची गरजच पडत नाही, त्यामुळे ती गरज मुद्दाम तयार करावी लागते. भौतिकशास्त्राच्या माणसाने लिपी शिकावी, इतिहासाच्या मॅडमनी प्रोग्रॅमिंग शिकावं, कुणी पक्षी ओळखावेत, कुणी तबला. आणि हे वर्गात बसून, नवशिक्यांबरोबर, चुका सगळ्यांना दिसतील अशा पद्धतीने.

त्याचा आणखी एक फायदा आहे. तज्ज्ञ माणसाला न समजण्याची अवस्था कशी असते ते आठवतच नाही. एलिझाबेथ न्यूटन ह्यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्डमध्ये एक साधा प्रयोग केला होता, काही लोकांनी ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि दुसऱ्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी ओळखतील, प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली, कारण वाजवणाऱ्याच्या डोक्यात गाणं चालू असतं आणि ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. आठवड्यातून दोन दिवस स्वतः ती टकटक ऐकलेला प्राध्यापक तिसऱ्या दिवशी आपला विषय जास्त चांगला समजावून सांगतो असं मला मनापासून वाटतं.

आता माणसांबद्दल, कारण एकट्याने शिकणं पुरत नाही. निक्लास स्टेफन्स, कॅथरिन हॅस्लम वगैरेंनी २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या ४२४ निवृत्तांचा सहा वर्षांचा डेटा तपासला, नोकरीत असताना ही माणसं कुठल्या कुठल्या गटात होती (क्लब, संघटना, मंडळ काहीही) आणि नंतर त्यातले किती गट टिकले. आधी दोन गट होते आणि दोन्ही टिकले तर पुढच्या सहा वर्षांत मृत्यूची शक्यता २ टक्के, एक सुटला तर ५ टक्के, दोन्ही सुटले तर १२ टक्के. प्राध्यापकांची अडचण अशी की त्यांचे बहुतेक गट एकाच खुंटीला टांगलेले असतात, डिपार्टमेंट, अभ्यासमंडळ, परीक्षा समिती, सिलेक्शन कमिटी, सगळे पदामुळे. सेंड-ऑफच्या दिवशी खुंटी निघते आणि सगळं एकदम खाली येतं. म्हणून रिटायरमेंटच्या चार-पाच वर्षं आधीच असा एक तरी गट हवा जिथे तुम्ही कुठल्या पदावर आहात ह्याने काही फरक पडत नाही.

विद्यापीठांनाही इथे फार कमी खर्चात बरंच करता येतं. निवृत्त प्राध्यापकाला मान म्हणून एमेरिटस म्हणतात, हा शब्द लॅटिनमधला, रोमन सैन्यात नोकरी पूर्ण करून मानाने सुटलेल्या सैनिकाला लावायचे. आज तो बहुतेक ठिकाणी नुसता नावापुढे लागतो. पण काही विद्यापीठांनी त्याला खरं रूप दिलं, अमेरिकेत एमरी विद्यापीठाने २००१ मध्ये निवृत्त प्राध्यापकांसाठी स्वतंत्र कॉलेजच काढलं, आणि २००२ मध्ये अशा निवृत्त-संघटनांची एक मध्यवर्ती संस्थाही उभी राहिली. निवृत्तांना लागतं काय, लायब्ररीचं कार्ड, विद्यापीठाचा ईमेल चालू राहणं, जर्नल वाचायची सोय, आठवड्यातून एकदा बसायला एक खोली.

त्या खोलीत काय करायचं ते सांगतो, कारण असे गट कल्पना चुकीची म्हणून कमी आणि मांडणी चुकीची म्हणून जास्त बंद पडतात. माणसं दहा-बारा, वार ठरलेला, विषय मिश्र, दर वेळी वेगळा माणूस बोलणार पण वीस मिनिटंच, नंतरची चाळीस मिनिटं फक्त प्रश्न, आणि पहिला प्रश्न दुसऱ्या विषयाच्या माणसाने विचारायचा. टेबल गोल किंवा चौकोनी, समोरासमोर चेहरे दिसतील असं. समोर मोठ्या अक्षरात नावाच्या पाट्या ठेवायच्या, शिमामुरांच्या अभ्यासात निसटलेल्या जोड्या ह्याच जातीच्या होत्या आणि नाव आठवत नाही म्हणून लाजून न येणारी माणसं असतात. पंख्याचा, एसीचा आवाज कमी असावा. ऐकू कमी येणं हा विषय तर मला स्वतंत्रच महत्त्वाचा वाटतो, कारण ऐकू न आलेला माणूस सहसा सांगत नाही, तो नुसती मान डोलावतो आणि दोन महिन्यांनी यायचा बंद होतो. २०२३ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या अचीव्ह ह्या चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांपैकी निम्म्यांना श्रवणयंत्रं देऊन बघितली होती, सगळे एकत्र धरले तर तीन वर्षांत फरक दिसला नाही, पण ज्यांना बौद्धिक घसरणीचा धोका आधीच जास्त होता त्यांच्यात घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली.

ज्यांना बाहेर पडणं जमत नाही त्यांच्यासाठी विकिपीडियावर आपल्या भाषेत आपल्या विषयाबद्दल लिहिणं हा मला फार चांगला मार्ग वाटतो, तिथे कोण प्रोफेसर आणि कोण नाही कुणी बघत नाही, वाक्य लिहिलं की अनोळखी माणूस येऊन संदर्भ द्या म्हणतो.

एक गोष्ट घरच्यांसाठी. रॉबर्ट कॅट्झमन ह्यांनी १९८८ मध्ये १३७ वृद्धांच्या मेंदूंचा मृत्यूनंतर अभ्यास केला तेव्हा काहींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या पण जिवंतपणी ती माणसं व्यवस्थित होती. पुढे याकोव्ह स्टर्न ह्यांनी ह्यातून कॉग्निटिव्ह रिझर्व्हची कल्पना मांडली, शिक्षणाने आणि डोक्याच्या कामाने साठलेली मेंदूची गंगाजळी म्हणा. पण ह्या गंगाजळीची दुसरी बाजू अशी की जास्त शिकलेल्यांमध्ये आजार उशिरा दिसतो आणि दिसला की घसरण अनेकदा वेगाने होते, कारण आत नुकसान आधीच बरंच झालेलं असतं. दवाखान्यातल्या छोट्या चाचणीत प्रोफेसर सहज पास होतात, वाक्यं सुंदर बोलतात, आणि घरचे म्हणतात सरांना कुठे काय झालंय. त्यामुळे त्यांची तुलना शेजारच्या काकांशी करायची नाही, दोन वर्षांपूर्वीच्या त्यांच्याशीच करायची. आणि हा बदल आधी कुणाला कळतो, तर दर आठवड्याला समोर बसून प्रश्न विचारणाऱ्यांना, त्यांनाच लक्षात येतं की आज उत्तर प्रश्नाचं नव्हतं, मागच्याच आठवड्यातली गोष्ट सर पुन्हा पहिल्यांदाच सांगितल्यासारखी सांगतायत.