मूठभरांची सत्ता आणि कधीच न दाखवलेली यादी

ग्रीक भाषेत 'ओलिगोइ' म्हणजे थोडके लोक आणि 'आर्खे' म्हणजे सत्ता. या दोहोंतून 'ओलिगार्की' हा जो शब्द झाला, त्याला मराठीत अल्पजनसत्ता म्हणतात. अर्थ सरळ आहे, पण अ‍ॅरिस्टॉटलचे तेवढ्यावर समाधान झाले नाही. एखाद्या नगरात श्रीमंतच बहुसंख्य असतील आणि सत्ता त्यांच्याच हाती असेल, तर तिला लोकशाही म्हणावे काय, असे त्याने विचारले आणि नाही असे उत्तर दिले. श्रीमंत सगळीकडे थोडेच असतात म्हणून सत्ताधारीही थोडे दिसतात. अल्पजनसत्तेचे मूळ त्याच्या मते संख्येत नसून संपत्तीत आहे. पदे चिठ्ठ्या टाकून वाटणे हे लोकशाहीचे आणि ती निवडणुकीने भरणे हे अल्पजनसत्तेचे लक्षण, असेही तो नोंदवतो. आज निवडणूक म्हणजेच लोकशाही असे मानणाऱ्या आपल्याला हे वाचून थबकायला होते.

अशा सत्तेची रूपे नगरागणिक वेगळी होती. कोरिंथमध्ये बॅकियाड हे एकच कुळ राज्य करी आणि लग्नेही आपसातच लावी. बिओशिया प्रांताच्या नगरांत ठरावीक मालमत्ता असणाऱ्यालाच परिषदेत बसता येई. पण थोडक्यांनी पुष्कळांना धाकात ठेवले तरी कसे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे सर्वांत बारकाईचे उत्तर अथेन्समध्ये सापडते.

स्पार्टाशी युद्ध चालू असताना इ.स.पू. 413 मध्ये सिसिलीच्या मोहिमेवर गेलेले अथेन्सचे आरमार बुडाले आणि तिजोरी रिकामी होत गेली. लोकशाही आवरती घेतली तर इराणचा पैसा मिळेल, अशी आशा दाखवत पिसँडर, अँटिफॉन, फ्रिनिकस आणि थेरामेनीस यांच्या गटाने इ.स.पू. 411 मध्ये सत्ता घेतली. हा इतिहास लिहिणारा थ्युसिडिडीज तेव्हा हद्दपारीत होता, तरीही त्याने शहराच्या मनःस्थितीचे जे वर्णन केले आहे, ते मला त्याच्या ग्रंथातील सर्वांत मोलाच्या भागांपैकी वाटते. सभा भरत होती, परिषदही भरत होती, परंतु बोलणारे कटवाल्यांचेच असत आणि काय बोलायचे तेही आधी ठरलेले असे. कोणी विरोध केला तर तो लवकरच मेलेला आढळे, आणि मारेकऱ्यांचा तपास कोणी करीत नसे. कटात किती माणसे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. शहर मोठे, ओळखी अपुऱ्या, त्यामुळे ती आहेत त्याहून कितीतरी अधिक असावीत असे प्रत्येकाला वाटे. शेजाऱ्याजवळ मन मोकळे करावे, तर तोच कटातला निघायचा ही भीती.

पुढे शहराबाहेर कलोनस येथे सभा भरवून, बेकायदा ठराव मांडणाऱ्यावर खटला भरण्याची तरतूद रद्द करण्यात आली. पाच जणांनी शंभर निवडायचे आणि त्या प्रत्येकाने आणखी तिघे घ्यायचे, अशी चारशेंची परिषद ठरली. हे चारशे जण कपड्यांत खंजीर लपवून, 120 तरुणांना बरोबर घेऊन परिषदगृहात शिरले, चिठ्ठ्यांनी निवडलेल्या पाचशे सदस्यांच्या हातावर त्यांनी उरलेल्या मुदतीचे मानधन ठेवले आणि त्यांना घरी जायला सांगितले. सदस्य एक शब्दही न बोलता गेले.

खरी सत्ता पाच हजार नागरिकांची असेल, असे चारशेंनी जाहीर केले होते. मात्र त्या पाच हजारांची यादी त्यांनी कधीच प्रसिद्ध केली नाही. थ्युसिडिडीज कारण सांगतो: एवढ्या जणांना वाटेकरी केले तर ती लोकशाहीच झाली असती, आणि असे पाच हजार नाहीतच हे कळले असते तर भीती ओसरली असती, यादीत कोण आहे हे न कळल्याने मात्र प्रत्येक जण दुसऱ्याला बिचकून राही.

सामोस बेटावरच्या अथेन्सच्या आरमाराने ही सत्ता मानली नाही. तेथील वल्हेकरी आणि सैनिक एकत्र राहत होते, एकमेकांना ओळखत होते, आणि थ्रॅसिब्युलसच्या पुढाकाराने त्यांनी लोकशाहीची उघड शपथ घेतली. मला हा फरक निर्णायक वाटतो. इकडे चारशेंमध्येच फूट पडली, फ्रिनिकसचा भर बाजारपेठेत खून झाला, युबिया बेट हातचे गेले आणि सुमारे चार महिन्यांत ही सत्ता कोसळली.

इ.स.पू. 404 मध्ये स्पार्टाने युद्ध जिंकल्यावर तीस जणांची सत्ता आली. त्यांनी या वेळी तीन हजारांची यादी तयार केली, आणि तीच शस्त्र ठरली: यादीतल्या माणसाला परिषदेच्या निर्णयाविना मारता येत नसे, यादीबाहेरच्याला तीस जण परस्पर मारू शकत. थेरामेनीसने या अतिरेकाला विरोध केला, तेव्हा तीस जणांचा म्होरक्या क्रिटियस याने भर परिषदेत त्याचे नाव यादीतून खोडले आणि त्याला विष प्यावे लागले. सुमारे 1500 माणसे मारली गेल्यावर थ्रॅसिब्युलसच्या लोकांनी पिरिअस बंदर घेतले आणि क्रिटियस लढाईत पडला. इ.स.पू. 403 मध्ये लोकशाही परतली. तीस जण आणि त्यांचे मोजके अधिकारी वगळता बाकी कोणाविरुद्धही मागचा राग धरणार नाही, अशी शपथ अथेन्सच्या नागरिकांनी घेतली.